देवकी आणि यशोदा यांची भेट

कृष्णजन्माची कथा सांगणारास एक सोय असते. कंसाचा वध झाला आणि देवकी-वसुदेवांच्या पायांतील बेड्या तुटल्या, कीं कथा संपवितां येते. सुंठवडा हातावर पडतो आणि मुलें पांगतात. आम्हींही ती कथा आमच्या घरांतील दोन पिढ्यांना अशीच सांगितली आहे. परंतु इ. स. २०२३ च्या जून महिन्यांत, अमेरिकेंतील पोर्टलंड शहराजवळ आमच्या भाच्याच्या घरीं, त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला झोपवितांना तीच कथा आम्ही सांगत होतों, तेव्हां ती अंथरुणांत उठून बसली आणि म्हणाली, "मामाआजोबा, मग देवकीआई यशोदाआईला कधीं भेटली?"

आम्हांस उत्तर आलें नाहीं. "उद्यां सांगतों," असें म्हणून आम्हीं दिवा मालविला. प्रश्न पोथीचा होता, परंतु नुसत्या पोथीचा नव्हता. कारण दुसऱ्याच दिवशीं त्या मुलीची जन्मदात्री तिला भेटावयास यावयाची होती.

येथें घरचा संबंध थोडा उलगडून सांगितला पाहिजे. आमचा भाचा व त्याची पत्नी हीं पुष्कळ वर्षें ओरेगन राज्यांत, पोर्टलंडजवळच्या बीव्हरटन गांवीं, नोकरीनिमित्त राहिलेलीं. त्यांना मूल झालें नाहीं. इ. स. २०१७ त त्यांनीं तेथेंच एका नवजात मुलीस दत्तक घेतलें. तिची जन्मदात्री त्या वेळीं एकोणीस वर्षांची होती; लग्न झालेलें नव्हतें. तिकडे अशा वेळीं मूल घेऊं इच्छिणारीं जोडपीं आपली माहिती, घराचीं छायाचित्रें व मनोगताचें पत्र संस्थेकडे देतात, आणि त्यांतून आईबाप निवडण्याचें काम बहुधा मूल देणारी आई स्वतः करते. या मुलीनें बारा पत्रें वाचून आमच्या भाच्याचें घर निवडलें होतें. दोन्ही पक्षांस एकमेकांचीं नांवें, पत्ते ठाऊक. वर्षांतून कितीदां भेटावयाचें, पत्रें व छायाचित्रें केव्हां पाठवावयाचीं, हें लेखी ठरलेलें. याला तिकडे 'खुलें दत्तक' म्हणतात. ओरेगनमध्यें असा लेखी करार न्यायालयाच्या संमतीनें झाला असेल, तर तो इ. स. १९९३ पासून कायद्यानें बंधनकारक होऊं शकतो. तो कोणीं मोडला तरी दत्तक मात्र रद्द होत नाहीं. मुलीचे आईबाप कोण, हा प्रश्न कायमचा सुटलेला असतो. उरतो तो केवळ येण्याजाण्याचा.

भाच्यानें हा बेत दूरध्वनीवर सांगितला, तेव्हां आम्हीं त्याला जो उपदेश केला तो येथें लपवून ठेवीत नाहीं. आम्ही म्हणालों, "मूल अवश्य घ्या, पण त्या बाईचा पत्ता ठेवूं नका आणि तिला तुमचा देऊं नका. दोन घरचा पाहुणा उपाशी. तुमच्या मायेचं मूल उद्यां तिच्याकडे ओढ घेईल." भाचा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मामा, धाकट्या मामाची गोष्ट तुम्हीच मला सांगितलीत. आतां मला तसंच करायला सांगतां?"

ती गोष्ट आमच्या घरची आहे, आणि तिच्यांत आमचा दोष आहे. म्हणूनच ती सांगतों.

इ. स. १९५८ त आमचा धाकटा भाऊ अडीच वर्षांचा असतांना, आमच्या निपुत्रिक काकांना दत्तक दिला गेला. काकांचें बिऱ्हाड त्याच वाड्यांत माडीवर होतें. तेव्हां मूल दिलें म्हणजे जिन्यानें वर पाठविलें, इतकेंच. त्या दिवसापासून काकू त्याची 'आई' झाली आणि आमची आई त्याची 'काकू' झाली. हें वाड्यांतील प्रत्येकास ठाऊक होतें. भाऊबंदांस, उपाध्यायांस, दळण नेणाऱ्या बाईलासुद्धां. ठाऊक नव्हतें तें एकट्या त्यालाच. आम्ही त्याच्याहून सात वर्षांनीं मोठे. त्याला वर नेलें तो दिवस आम्हांस स्पष्ट आठवतो. त्याच्याजवळ कधीं बोलावयाचें नाहीं, अशी आम्हांस ताकीद होती, आणि ती आम्हीं पंचवीस वर्षें पाळली.

इ. स. १९८३ त काका वारले. जमिनीच्या फेरफारासाठीं कागद शोधतांना भावाला ट्रंकेच्या तळाशीं दत्तकपत्र सांपडलें. दोन दिवस तो कोणाशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं दुपारीं तो खालीं आला. आमची आई सोप्यावर तांदूळ निवडीत बसली होती. तो तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "काकू, मला कळलं." तिनें सुपांतून मान वर केली नाहीं. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, "चहा टाकूं का तुला?"

पुढें आठ वर्षें ती जगली. त्या आठ वर्षांत त्यानें तिला आई म्हटलें नाहीं आणि तिनेंही तसें म्हणावयास सांगितलें नाहीं. वरच्या आईला काय वाटेल, ही धास्ती त्याला. दिलेलें दान परत मागितल्यासारखें होईल, ही तिला. इ. स. १९९१ त ती गेली. स्मशानांतून परत येतांना तो आमच्याशीं एकच वाक्य बोलला: "दादा, तूं तरी सांगायचं होतंस." त्या वाक्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

पुष्कळांस असें वाटतें कीं, अशी गुप्तता हीच आपली जुनी रीत, आणि उघडपणा हें पश्चिमेचें नवें खूळ. वस्तुस्थिति बरोबर उलट आहे. वसिष्ठाच्या धर्मसूत्रांत दत्तक घेणाऱ्यानें आप्तांस बोलवावें, राजास कळवावें आणि होम करावा, असा विधि सांगितला आहे. दान व प्रतिग्रह हीं दत्तकाचीं दोन अंगें. देणारा व घेणारा समोरासमोर उभे राहिल्यावांचून दान होणार कसें? शास्त्रकारांनीं तर 'द्व्यामुष्यायण' नांवाचा एक स्वतंत्र प्रकारच मानला आहे. हा मुलगा आपणां दोघांचा, असें ठरवून तो दिला, कीं त्यानें दोन्ही बापांस पिंड द्यावयाचा आणि दोन्ही घरांचें नातें ठेवावयाचें. दोन घरांचें असणें हें त्या शास्त्रकारांस विपरीत वाटलें नव्हतें.

आपल्या इतिहासांतही याचे दाखले आहेत. कागलच्या घाटगे घराण्यांतील यशवंतराव हे इ. स. १८८४ त कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. त्यांचे जनक वडील जयसिंगराव घाटगे हे त्या वेळीं संस्थानचा कारभार पाहत होते, आणि धाकटे बंधु बापूसाहेब हे महाराजांचे जन्मभर जिवलग राहिले. दत्तकविधानानें घराणें बदललें; जिव्हाळा तुटला नाहीं. पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं इ. स. १८७४ त काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा आपला म्हणून घेतला. तोच पुढें डॉक्टर झालेला यशवंत. आज दीडशें वर्षांनीं आपणांस त्याच्या त्या जन्मदात्रीचेंही नांव ठाऊक आहे, आणि त्यामुळें सावित्रीबाईंच्या मातृत्वाला तिळभर उणेपणा आलेला नाहीं.

अमेरिकेंतही गुप्ततेची पद्धति फार पुरातन नव्हे. इ. स. १९१७ त मिनेसोटा राज्यानें दत्तकाचे न्यायालयीन कागद लोकांच्या दृष्टीआड ठेवण्याचा कायदा केला. परंतु तो परक्यांच्या चौकसपणाला आळा घालण्यापुरता होता. अनौरस म्हणून मुलाला कोणी हिणवूं नये, हा हेतु चांगलाच होता. पुढें १९३० नंतर बहुतेक राज्यांनीं मुलाचा मूळ जन्मदाखला मोहोरबंद करून दत्तक आईबापांच्या नांवें नवा दाखला देण्याचा प्रघात पाडला, आणि हळूहळू तो मूळ दाखला खुद्द त्या मुलालाही, मोठें झाल्यावरसुद्धां, पाहतां येईनासा झाला. कॅन्सस व अलास्का हीं दोन राज्यें मात्र या वाटेनें गेलीं नाहींत.

ही भिंत आंतूनच खचली. लॉस एंजेलिस येथील ॲनेट बॅरन व रूबेन पॅनर या दोन समाजसेवकांनीं जन्मभर गुप्त दत्तकेंच करून दिलीं होतीं. मोठीं झालेलीं मुलें, मूल दिलेल्या माता आणि दत्तक आईबाप यांचीं मनोगतें ऐकल्यावर त्यांचें मत पालटलें, आणि आर्थर सोरोस्की या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर त्यांनीं इ. स. १९७६ त खुल्या दत्तकाचा पुरस्कार करणारा निबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्यें इ. स. १९७५ च्या कायद्यानें अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्तीस आपली मूळ जन्मनोंद मिळविण्याचा हक्क मिळाला. स्कॉटलंडमध्यें तो इ. स. १९३० पासूनच होता. न्यूझीलंडनें इ. स. १९८५ त तसाच कायदा केला. ओरेगनच्या मतदारांनीं इ. स. १९९८ त सार्वमतानें हा हक्क मान्य केला आणि इ. स. २००० पासून तो अमलांत आला.

या उघडपणानें मुलें गोंधळतात काय? हॅरल्ड ग्रोटेव्हंट व रूथ मॅक्रॉय या दोघांनीं सुमारें १९० दत्तक कुटुंबांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. आपले आईबाप कोण याविषयीं मुलांच्या मनांत घोटाळा होत नाहीं, असें त्यांना आढळलें. मूल कोणी परत मागेल ही भीति तर, ज्या घरांत येणेंजाणें होतें, तेथें उलट कमी होती. ज्याला आपण पाहिलेलें असतें त्याचें भय उरत नाहीं. भय असतें तें न पाहिलेल्याचें.

गुप्ततेची किंमत जगप्रसिद्ध माणसांनींही भरलेली आहे. संगणकक्षेत्रांतील विख्यात उद्योजक स्टीव्ह जॉब्स यांना इ. स. १९५५ त पॉल व क्लारा जॉब्स यांनीं दत्तक घेतलें. आपण दत्तक आहों हें त्यांना लहानपणापासून ठाऊक होतें. जन्मदात्रीचें नांव मात्र ठाऊक नव्हतें. तें शोधून काढल्यावरही, इ. स. १९८६ त क्लारा वारल्यानंतरच त्यांनीं जन्मदात्रीशीं संबंध जोडला. आईचें मन दुखवूं नये, हीच त्यांची चिंता होती. या संबंधांतूनच त्यांना आपली सख्खी बहीण, कादंबरीकार मोना सिम्प्सन, भेटली. तोंवर दोघेंही तिशीच्या घरांत आलेलीं होतीं. हें वाचलें तेव्हां आम्हांस माडीवरची काकू आठवली.

आतां त्या भेटीकडे वळतों.

आदल्या रात्रीं आमच्या पत्नीला झोप नव्हती. "त्या मुलीशीं कोणत्या नात्यानं बोलायचं?" असें तिनें तीनदां विचारलें. लग्नानें दोन घरें जोडलीं, कीं व्याही-विहीण हे शब्द आपल्या भाषेंत तयार आहेत. दत्तकानें जोडलेल्या दोन घरांना शब्द नाहीं. आमची भाचेसून म्हणाली, "मामी, मी मनांतल्या मनांत तिला विहीणबाईच म्हणतें. आणि छोटीसाठीं ती देवकीआई." ती मुलगी बोलूं लागल्यापासून तिला कृष्णाची गोष्ट सांगितली गेली होती, आणि तिच्या गोष्टींत पहिल्यापासून दोन आया होत्या. आपण दत्तक आहों हें तिला 'कळलें' असा दिवसच कधीं उगवला नाहीं. आपला जन्म अमुक गांवीं झाला, हें जसें मुलांना माहीत असतें, तसें तें तिला माहीत होतें.

भेट पोर्टलंडच्या गुलाबांच्या बागेंत ठरली होती. टेकडीवरची ती बाग जून महिन्यांत ऐन बहरांत असते. जन्मदात्री आपल्या आईला घेऊन आली होती. आम्हीं मनाशीं कसलें चित्र रंगविलें होतें, तें आतां सांगावयास लाज वाटते. समोर आली ती पंचवीस वर्षांची साधी, थोडी बुजरी मुलगी; इस्पितळांत रुग्णांच्या सेवेचें काम करून पुढचें शिक्षण घेणारी. तिच्या आईनें स्वतः शिवलेली एक लहान गोधडी आणली होती. मुलगी तिच्याकडे धांवत गेली आणि गोधडीवरचे तुकडे कोणकोणत्या कपड्यांचे, तें विचारूं लागली. एक तुकडा जन्मदात्रीच्या लहानपणच्या झग्याचा होता.

फराळाला बसल्यावर, लाडू खातां खातां, मुलीनें इंग्रजींत सरळ विचारलें, "तूं मला ठेवलं कां नाहींस?"

आमच्या घरांत अशा प्रश्नावर चहा टाकला गेला असता. भाचेसुनेचा हात पाण्याच्या बाटलीवर घट्ट आवळलेला आम्हीं पाहिला. परंतु ती बोलली नाहीं, मध्यें पडली नाहीं. त्या तरुणीनें ताटली खालीं ठेवली आणि म्हणाली, "मी एकोणीस वर्षांची होतें. मला स्वतःचं घर नव्हतं. बाळाला जें जें लागतं तें देणं मला जमणार नव्हतं, आणि कधीं जमेल तेंही ठाऊक नव्हतं. मग मीं बारा पत्रं वाचलीं. यांच्या पत्रांत पुस्तकांच्या कपाटाचं चित्र होतं आणि यांना हसायला येत होतं. म्हणून मीं यांना निवडलं."

"तुला रडूं आलं?"

"हो. पुष्कळ दिवस."

"आतां येतं?"

"कधीं कधीं. तुझ्या वाढदिवशीं."

मुलीनें थोडा विचार केला. आपल्या ताटलींतला अर्धा लाडू तिनें तिच्या ताटलींत ठेवला, आणि मग गोधडीवाल्या आजीचा हात धरून ती कारंजें पाहावयास निघून गेली. आम्हीं मोठी माणसें मात्र बराच वेळ तेथेंच खिळून बसलों. आमच्या भावानें जो प्रश्न मनांत ठेवला आणि आमच्या आईनें ज्याचें उत्तर सुपांतल्या तांदळांत लपविलें, तो प्रश्न आणि तें उत्तर पांच मिनिटांत, सूर्यप्रकाशांत, सर्वांसमक्ष झालें होतें. आणि कोणाचेंही मातृत्व हिरावलें गेलें नव्हतें.

निघतांना आमच्या पत्नीनें पिशवींतून खण, नारळ आणि तांदूळ काढले. हें तिनें आम्हांस आधीं सांगितलें नव्हतें. आम्हीं हलकेच म्हटलें, "ओटी? अग, पण तिचं लग्न..." ती म्हणाली, "तिनं आपल्या घरच्या सुनेची ओटी भरली आहे. आपण तिची भरूं नये, तर कुणी भरायची?" त्या तरुणीला अर्थ कळावयास भाच्याला पुष्कळ समजावून सांगावें लागलें. कळल्यावर तिनें आपल्या सदऱ्याचा सोगा पुढें धरला. भाचेसुनेनें तो धरावयास मदत केली.

त्या रात्रीं भाचेसून आमच्या पत्नीजवळ बसून म्हणाली, "मामी, दर भेटीच्या आधीं आठ दिवस मला झोप नसते. वाटतं, या वेळीं छोटी तिच्याबरोबर जायला निघाली तर? आणि दर वेळीं घरीं आल्यावर वेणी मीच सोडायची असते, दूध मीच द्यायचं असतं. भीति जात नाहीं. पण भेट चुकवावीशीही वाटत नाहीं." हा उघडपणा सोपा आहे, असें ती म्हणाली नाहीं, आम्हीही म्हणत नाहीं.

सर्वच खुलीं दत्तकें अशीं सुखावह होतात, असेंही नाहीं. कांहीं ठिकाणीं मूल मिळाल्यावर दत्तक आईबाप हळूहळू पत्रें बंद करतात, आणि मूल देणारी आई फसविली जाते. कांहीं ठिकाणीं जन्मदात्रीलाच तें दुःख सोसवत नाहीं आणि ती येईनाशी होते. मग वाट पाहणाऱ्या मुलाची समजूत घालावी लागते. जेथें मुलाला मूळ घरीं मारहाण वा छळ झालेला असतो, तेथें भेटीपेक्षां मुलाचें संरक्षण श्रेष्ठ. आपल्याकडे तर अविवाहित मातेला समाज अजून ज्या दृष्टीनें पाहतो, ती पाहतां गुप्तता ही पुष्कळदां तिची एकच ढाल असते. ती ढाल तिच्या हातांतून ओढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाहीं.

आपल्या कायद्याची स्थिति अशी आहे. इ. स. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें मुलगा किंवा मुलगी कोणासही दत्तक घेतां येतें. दत्तहोम आवश्यक राहिला नाहीं, परंतु मूल प्रत्यक्ष देणें व घेणें आवश्यक आहे. दत्तकाच्या दिवसापासून जन्मघराशीं असलेलें नातें कायद्यानें तुटतें. तथापि जन्मघरांतील ज्या नातलगांशीं विवाह निषिद्ध, तो निषेध दत्तकानंतरही कायम राहतो. कायदा रक्ताचें नातें विसरत नाहीं. मग तें मुलापासूनच लपविण्यांत काय स्वारस्य? संस्थांतून होणारीं दत्तकें इ. स. २०१५ च्या बालन्याय कायद्याखालीं आणि केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणें होतात. मूल स्वाधीन करणाऱ्या आईबापांस विचार बदलण्यासाठीं ६० दिवसांची मुदत असते. इ. स. २०२२ च्या नियमांतही दत्तक व्यक्तीस आपल्या मुळाचा शोध घेण्याची सोय ठेवलेली आहे; अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर ती स्वतः अर्ज करूं शकते. मूल देतांना ज्या आईबापांनीं आपलें नांव गुप्त ठेवण्याची इच्छा नोंदविली असेल, त्यांची संमति मात्र घ्यावी लागते. अमेरिकेसारखें खुलें दत्तक या व्यवस्थेंत बसत नाहीं, आणि तें उद्यांच बसवावें असा आमचा आग्रह नाहीं.

परंतु भेट घडविणें हातीं नसलें, तरी सत्य सांगणें हें प्रत्येक घराच्या हातीं आहे. तें मुलाला समज येण्यापूर्वींच सांगावें, म्हणजे तें कधीं कळावें लागत नाहीं. जन्मदात्रीचा उल्लेख घरांत आदरानें व्हावा. 'टाकून गेली' हा शब्द उंबऱ्याच्या बाहेर ठेवावा, कारण मूल तो शब्द आपल्याच अंगाला लावून घेतें. संस्थेनें दिलेला प्रत्येक कागद, असल्यास पहिलें बाळलेणें किंवा दुपटें, जपून ठेवावें. आणि पुढें मोठें झाल्यावर तें मूल मुळाचा शोध घेऊं लागलें, तर आपल्या मायेंत कांहीं कमी पडलें असें आईबापांनीं मानूं नये. न शोधलें, तरी त्याला तिकडे ढकलूं नये. ज्या घरांत दत्तक भाऊबंदांतूनच आलेलें आहे आणि तें सर्वांस ठाऊक असून एकट्या मुलास ठाऊक नाहीं, त्या घरांतील वडील माणसांस तर आमची हात जोडून विनंति आहे कीं, त्यांनीं आमची पंचवीस वर्षें आपल्या घरीं पुन्हां होऊं देऊं नयेत.

राहिला मुलीचा प्रश्न. बागेंतून परत आल्यावर आम्हीं साताऱ्यास भावाला दूरध्वनि केला. तिकडे सकाळ झाली होती. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर आम्हीं विचारलें, "अरे, देवकी आणि यशोदा पुढें कधीं भेटल्या, असं भागवतांत आहे का?"

त्याला आठवावें लागलें नाहीं. "कुरुक्षेत्रांत," तो म्हणाला. "दशम स्कंध, ब्याऐंशीवा अध्याय." इतकें सांगून तो थांबला. त्यानें तो अध्याय केव्हां आणि कां शोधून ठेवला असेल, हें आम्हीं विचारलें नाहीं.

रात्रीं मुलीला आम्हीं सांगितलें कीं, सूर्यग्रहण आलें होतें, आणि कुरुक्षेत्राच्या तीर्थावर सारीं माणसें जमलीं होतीं. द्वारकेहून यादव आले, गोकुळांतून नंद-यशोदा आलीं. देवकीनें आणि रोहिणीनें यशोदेला पोटाशीं धरलें, आणि तुझें हें ऋण आम्हांकडून कधीं फिटणार नाहीं, अशा अर्थाचें त्या बोलल्या.

"आणि कृष्ण कोणाजवळ बसला?"

"आधीं यशोदेजवळ. तिनं त्याला कवटाळलं, आणि तिचं दुःख गेलं."

"आणि देवकीआई?"

"ती तिथंच होती. तिच्यासमोरच हें सगळं झालं."

मुलीनें नवी गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. "बरं," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.